स्टुलाची जागा

मास्तर शिष्ट आहेत, ही अफवा खुद्द मास्तरीणबाईंनीच उठवली होती. तीही एकदा नाही, वर्षानुवर्षं, जिथं तोंड उघडायला मिळेल तिथं. कुणी बाजूनं हात हलवला आणि मास्तर तसेच सरळ निघून गेले, की ह्या पुढे होऊन सांगायच्या, "मनावर घेऊ नका हो, त्यांचा स्वभावच तसा. कात्री हातात आली तेव्हापासून मान म्हणून वळत नाही त्यांची." लोक हसायचे, थोडे दुखावायचे आणि सोडून द्यायचे. शिष्ट माणसाला नोकरी असते, डोळ्यांनी अधू माणसाला नसते. इतका साधा हिशेब होता, आणि तो मास्तरीणबाईंनी नवऱ्यालाही न विचारता मांडून टाकला होता.

मास्तर म्हणजे शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यातले कापणारे मास्तर. कापडाचे थर एकावर एक रचायचे, वरच्या थरावर खडूनं खुणा करायच्या आणि यंत्राची पाती त्या खुणेवरून फिरवायची, हे त्यांचं काम. त्याच कारखान्यात काज-बटणं करणारी ती मास्तरीण. लग्न आधी की ही नावं आधी, हे आता दोघांनाही धड आठवत नव्हतं.

मास्तरांच्या नजरेची गंमत अशी की समोरचं त्यांना तुमच्याआमच्यापेक्षा स्वच्छ दिसायचं. सुईत दोरा पहिल्या झटक्यात ओवतील, आणि पायाशी ठेवलेली बादली लाथाडतील. कडेचं सगळं नाहीसं झालेलं, अगदी हळूहळू, इतकं हळू की कधी गेलं ते त्यांनाही सांगता यायचं नाही. दिवस कलला की उरलंसुरलंही मिटायचं. कापायच्या खुणेवर नजर ठेवायला एवढीशी खिडकी पुरायची. अडचण यायची ती कुणी बाजूनं आलं, कुणी गठ्ठा मधे ठेवला तर. त्यासाठी मास्तरीणबाई होत्या. त्यांनी आपलं काज-बटणाचं टेबल मास्तरांच्या डाव्या हाताला मागून घेतलं होतं, आणि कुणी त्या बाजूनं येताना दिसलं की त्या खाकरायच्या. हे खाकरणं कारखान्यात इतकं प्रसिद्ध झालं, की मालकांनी एकदा स्वतःच्या पैशांनी खोकल्याच्या औषधाची बाटली आणून दिली. मास्तरीणबाईंनी ती निमूटपणे पिऊन संपवली.

घरातही त्यांचाच कारभार. दोन खोल्यांचं घर, जिना चढून उजव्या हाताला. कारखान्यात झिजलेल्या खडूचे चपटे तुकडे त्या पदराला बांधून घरी आणायच्या आणि फरशीवर खुणा करायच्या. टेबलाच्या पायांभोवती, शिलाई मशीनभोवती, खुर्चीभोवती, आणि मशीनपुढच्या लाकडी स्टुलाच्या चारही पायांभोवती चार गोल. फरशी पुसली की खुणा पुसट व्हायच्या, त्या पुन्हा गिरवायच्या. वस्तू उचलली की काम झाल्यावर पुन्हा खुणेवर ठेवायची, बोटभरही इकडेतिकडे नाही. मास्तरांना त्या खुणा बघायची गरजच नव्हती, त्या होत्या मास्तरीणबाईंसाठी. मास्तर त्या घरात असे वावरायचे की बघणाऱ्याला हेवा वाटावा. वळायचे, वाकायचे, गरम पातेलं घेऊन दारातून जायचे, कोपराला कशाचा धक्का नाही. ते म्हणायचे, "बाहेर मला तुझे डोळे लागतात. घरात मला डोळेच लागत नाहीत." हे ऐकलं की मास्तरीणबाईंना असं वाटायचं की आपण आयुष्यात एक तरी गोष्ट नीट केली.

मग मालकांनी कारखान्याची मांडणी बदलली. काज-बटणं वरच्या मजल्यावर गेली, खाकरणं बरोबर गेलं. थोड्याच दिवसांत मास्तर कापडाच्या ताग्यांनी भरलेल्या हातगाडीवर जाऊन आदळले, गाडी टेबलावर, टेबलावरचे थर जमिनीवर आणि चालू पाती त्या थरांवर. सुदैवानं कुणाला इजा झाली नाही. मालक म्हणाले, "मास्तर, वय झालं, लक्ष लागत नाही तुमचं. घरी बसा आता." ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी जे वर्षानुवर्षं ऐकलं होतं, तेच त्यांना दिसलं.

एकीच्या पगारात घरभाडं निघून वर खायला उरत नव्हतं. कुणीतरी सांगितलं, अपंग भत्त्यासाठी अर्ज करा. 'अपंग' हा शब्द ऐकून मास्तर दोन दिवस बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी स्वतःच इस्त्रीचा शर्ट घालून दाराशी उभे राहिले.

सरकारी दवाखान्यात भिंतीवर अक्षरांचा तक्ता होता. मास्तर समोर बसले आणि वरपासून खालपर्यंत धडाधड वाचत सुटले. सगळ्यात खालची बारीक ओळ तर त्यांनी जरा आवाज चढवून वाचली. तंत्रज्ञ म्हणाला, "काका, तुमची नजर माझ्यापेक्षा बरी आहे." मास्तरांचा चेहरा खुलला. मास्तरीणबाईंनी हातातल्या अर्जाची घडी घातली.

डॉक्टर मात्र हुशार होता. त्यानं मास्तरांच्या कानापाशी बोटं हलवली, डोळ्यांत उजेड टाकून पाहिलं आणि म्हणाला, "हे नळीतून बघितल्यासारखं बघतात. कधीपासून आहे हे?"

"फार दिवस झाले," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"मग आधीचे कागद?"

आधीचे कागद नव्हते. दवाखान्यात गेलं म्हणजे कुणीतरी पाहतं, कुणीतरी विचारतं, म्हणून त्या मास्तरांना कधी घेऊनच गेल्या नव्हत्या. डॉक्टर म्हणाला, कडेची नजर मोजायचं मशीन मोठ्या दवाखान्यात आहे, तिथं नंबर लागायला बरेच महिने जातील, तोवर मी 'संशय' एवढंच लिहू शकतो. त्यानं तसं लिहिलं. कल्याण कार्यालयातल्या कारकुनानं ते वाचलं आणि चष्म्यावरून पाहिलं. "संशयावर भत्ता मिळत नाही, काकू. जोडीला काहीतरी आणा. कामाच्या ठिकाणचा दाखला, जवळच्या माणसाचं निवेदन. तपासनीस घरी येऊन पाहून जातील."

मास्तरीणबाई मालकांकडे गेल्या. मालकांनी चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला. "अहो मास्तरीणबाई, ह्या माणसानं इतक्या वर्षांत एक रेघ तिरकी कापली नाही. आणि मी लिहून देऊ की दिसत नव्हतं? उद्या मलाच विचारतील, चालत्या पातीवर असा माणूस ठेवलास कसा? काम चांगलं होतं, तक्रार नव्हती, एवढं लिहितो. खोटं नाही लिहिणार." शेवटचं वाक्य मास्तरीणबाईंना झोंबलं. खरं सांगायला आलेल्या बाईला खोटं न बोलण्याचा धडा मिळाला.

मग लग्न होऊन परगावी गेलेल्या लेकीला फोन केला. निवेदन तिनंच द्यावं म्हणून.

"आई, बाबांना दिसत नाही?"

"समोरचं दिसतं गं. कडेचं नाही."

"मी बाजूला येऊन उभी राहायचे. चित्र दाखवायला, मार्कं दाखवायला. ते बघायचेच नाहीत. मला वाटायचं, मी त्यांना आवडत नाही." मग ती म्हणाली, "मला एकदा सांगायचंस ना."

मास्तरीणबाईंनी फोन ठेवला. त्या भिंतीकडे तोंड करून भांडी घासत बसल्या, घासलेलीच पुन्हा घासली. लेकीनं निवेदन पाठवलं, पण त्यात लिहिणार काय? 'मला माहीत नव्हतं' हेच.

तपासनीस यायचा दिवस ठरला. आता शहाण्या माणसानं काय केलं असतं, हे तुम्हीआम्ही बसल्या जागी सांगू. पण पाहुणं येणार म्हटल्यावर मास्तरीणबाईंच्या अंगात जे भरतं, ते भरलं. घर झाडलं, फरशी पुसली, खुणा गिरवल्या, वस्तू जागच्या जागी ठेवल्या. मास्तरांनी दाढी केली. एखादं स्थळ बघायला यावं अशी दोघं नटून बसली.

तपासनीस ही तिशीतली, थकलेल्या चेहऱ्याची बाई होती. जिना चढून धापा टाकत आली, मशीनशेजारच्या खुर्चीवर बसली. मास्तर ताडकन उठले. "बसा मॅडम, चहा मी करतो." मास्तरीणबाई 'अहो' म्हणेपर्यंत ते स्वयंपाकघरात पोचलेसुद्धा. चहाचा ट्रे घेऊन बाहेर आले, टेबलाला वळसा घातला, स्टूल आणि खुर्ची यांच्या मधून अलगद निघाले आणि कप बरोबर तपासनिसाच्या हातासमोर धरला. थेंब सांडला नाही. तिच्या पिशवीचा पट्टा उसवलेला त्यांच्या समोरच होता. "द्या इकडे," म्हणत त्यांनी सुईत दोरा ओवला आणि चार टाके घालून दिले.

"छान वावरता की तुम्ही, काका," तपासनीस म्हणाली आणि कागदावर काहीतरी लिहिलं.

मास्तरीणबाईंना ते काय लिहिलं हे कळलं. आणि लाज वाटावी अशी गोष्ट म्हणजे, त्याच क्षणी त्यांचा ऊर भरून आला. किती देखणे चालतात आपले मास्तर! पोटावर पाय येत असताना बाई अभिमानानं फुलत होती.

तपासनिसाची नजर खाली गेली. "ह्या कसल्या रेघा हो, फरशीवर?"

सबंध अर्जाला उपयोगी पडेल असा एकच प्रश्न त्या बाईनं विचारला होता. उत्तर पायाखाली होतं, पांढऱ्या खडूनं आखून ठेवलेलं. आणि मास्तरीणबाईंच्या तोंडून, विचाराच्या आधी, सवयीनं निघून गेलं, "शेजारची पोरं येतात खेळायला. पुसायचं राहिलं बघा."

मास्तरांनी तोंड उघडलं आणि मिटलं. अशा प्रश्नांना बायकोनं उत्तर द्यायचं, हे घरात ठरलेलंच होतं.

जाताना तपासनीस दारात थांबली. "काकू, वाईट वाटून घेऊ नका. मी जे पाहते तेच लिहिते. जे दिसलं नाही ते मला लिहिता येत नाही. मालकांचा दाखला तेवढा राहिलाय, परवा मला ह्याच इमारतीत यायचंय, तेव्हा घेऊन जाईन. मग कागद पुढे जातील."

दार लागलं. मास्तर खुशीत होते. "काय गं, बरं झालं ना सगळं?" मग बायकोच्या गप्प बसण्यावरून त्यांच्या ध्यानात आलं. ते खुर्चीत बसले. "म्हणजे नापास व्हायचं होतं, नाही का? मला नाही गं जमत नापास व्हायला." हसायला गेले, हसू अर्ध्यावरच राहिलं. "आणि हे बघ, परवा नाटक कर म्हणून सांगू नकोस. ठेचकाळायचं, चाचपडायचं, ते मला नाही जमायचं. माझ्या घरात तर नाहीच."

मधला एक दिवस मास्तरीणबाईंनी कसा काढला हे त्यांनाच ठाऊक. तपासनिसाला खरं सांगावं असं शंभरदा मनात आलं. पण काय सांगणार? त्या रेघांबद्दल मी खोटं बोलले. मग ती विचारेल, आणखी कशाबद्दल बोललात? मास्तर शिष्ट आहेत, घसा खराब आहे, पोरं खेळतात, वय झालं, लक्ष नव्हतं. एक टाका उसवला की सगळी शिवण उसवते. खोटारड्या बाईच्या नवऱ्याला भत्ता कोण देणार? 'मी जे पाहते तेच लिहिते.' हे वाक्य त्यांच्या डोक्यात दिवसभर फिरत राहिलं.

ती आली संध्याकाळी, दिवेलागणीच्या जरा आधी. खिडकीतला उजेड पिवळा पडत चालला होता. जिन्यावर तिची ओळखीची धाप ऐकू आली, आणि मास्तर चहा ठेवायला आत गेले. मास्तरीणबाई बाहेरच्या खोलीत एकट्या होत्या. त्यांनी दाराकडे पाहिलं, स्टुलाकडे पाहिलं. मग पायानंच स्टूल बाहेर सरकवलं. हातानं नाही, पायानं. हातानं उचललं असतं तर ते आपण केलं असं झालं असतं. स्टूल खडूच्या गोलांतून निघून वाटेत आलं. त्यांनी दार उघडलं.

"या, बसा. हा दाखला."

तपासनीस दाखला वाचत होती तेव्हा मास्तर ट्रे घेऊन आले. टेबलाला वळसा घातला. मास्तरीणबाईंना अजूनही खाकरता आलं असतं. आयुष्यभर ज्या घशानं साथ दिली, तो ऐन वेळी आवळून आला, की त्यांनीच आवळून धरला, हे त्या पुढे कितीदा तरी स्वतःला विचारणार होत्या. मास्तरांची नडगी स्टुलावर आदळली. ट्रे पुढे गेला, त्याच्यामागे मास्तर गेले आणि मशीनच्या लोखंडी पायावर भुवई आपटून खाली कोसळले.

आधी धावली ती तपासनीस. मास्तरीणबाई भिंतीला टेकून उभ्याच. मास्तर फरशीवर हात फिरवत फुटलेले कप गोळा करू पाहत होते, भुवईतून रक्त डोळ्यात उतरत होतं. ते म्हणत होते, "माफ करा मॅडम, कपड्यांवर उडाला का चहा? माझीच चूक. घाई केली मी. पाऊल चुकलं. ही बिचारी सगळं जागच्या जागी ठेवते हो, माझंच पाऊल चुकलं."

मग कुठं मास्तरीणबाईंना हलता आलं. त्यांनी पदर त्यांच्या भुवईवर दाबून धरला, खुर्चीत बसवलं. "लागलं का हो फार?" त्या विचारत होत्या आणि हुंदके देत होत्या, आणि ते त्यांनाच समजावत होते, "अगं, काही नाही. रडतेस काय?"

तपासनीस फडकं घेऊन चहा पुसायला खाली बसली होती. पुसता पुसता तिचा हात थांबला. तिच्यासमोर फरशीवर खडूचे चार रिकामे गोल होते. तिनं त्यांच्याकडे पाहिलं, कलंडलेल्या स्टुलाकडे पाहिलं. मग स्टूल उचललं आणि चार पाय चार गोलांत ठेवले. बरोबर बसले. तिनं मान वर केली.

"पोरांच्या खेळाच्या रेघा ना ह्या?" ती हळू आवाजात म्हणाली.

मास्तरीणबाईंनी मान हलवली. हो की नाही, हे त्या मान हलवण्यातून कुणालाही कळलं नसतं.

तपासनीस बराच वेळ खुर्ची, टेबल, मशीन यांच्या पायांशी बघत राहिली. मग उठली, पिशवीतून पेन काढलं. परवाचं लिहिलेलं खोडलं, खाली नवं लिहिलं. "मी जे पाहते तेच लिहिते," ती म्हणाली, पण ह्या वेळी मास्तरीणबाईंकडे न बघता. जाताना तिनं चपला पायात अडकवल्या आणि मागे न वळता जिना उतरून गेली.

भत्ता मंजूर झाला. पुढे मोठ्या दवाखान्यातल्या मशीनचा नंबरही लागला, आणि मशीननं जे डॉक्टरनं बोटं हलवून ओळखलं होतं तेच सांगितलं. म्हणजे सगळं खरंच होतं. मास्तरांचा हक्कच होता. उधारउसनवारी करून, लेकीकडून चार पैसे घेऊन तेवढे दिवस कसेही निघाले असते. हा विचार मास्तरीणबाईंच्या मनात आला की हातातलं काम हातात राहायचं.

मास्तरांची भुवई भरून आली, पण घरातलं ते बिनधास्त वावरणं गेलं. चहा करणं त्यांनी सोडलं. खुर्चीतून उठायचं झालं की आधी विचारायचे, "स्टूल कुठंय गं?" मास्तरीणबाई म्हणायच्या, "आपल्या जागी." मग ते निघायचे. बायकोनं सांगितलं म्हणजे झालं, त्यावर त्यांचा भरवसा होता. भरवसा उडाला होता तो स्वतःवरचा. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "बरं झालं वेळेवर अर्ज केला. आता घरातलंही समजेनासं झालंय मला. डोळे गेले ते गेलेच, आता डोकंही चाललं." हे सांगताना आवाज साधा असायचा, हवापाण्याबद्दल बोलावं तसा.

मास्तरीणबाई प्रत्येक वेळी ठरवायच्या, आज सांगू. आणि प्रत्येक वेळी गिळायच्या. त्या मास्तरांना पुरत्या ओळखून होत्या. सांगावं, तर ह्या माणसाला उभ्या जगात टेकायला एकच जागा आहे, ती आपण. तीही काढून घ्यायची? न सांगावं, तर तो स्वतःला गमावून बसतोय. दोन्हीकडून पाप आपलंच, हे त्यांना कळत होतं आणि कळून काही उपयोग नव्हता.

एका दुपारी मास्तरांनी कपाटातून आपली मोठी कात्री काढून मागितली. यंत्राच्या आधीपासूनची, उमेदवारीत कमावलेली. तिच्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "ही कारखान्यात देऊन टाक. तिथं नवा कापणारा आलाय म्हणतात. मला आता हातावरही विश्वास नाही उरला. उगाच गंजेल."

मास्तरीणबाईंनी कात्री हातात घेतली. आणि मग, ठरवलेलं नसतानाही, त्या बोलून गेल्या.

"अहो, त्या दिवशी स्टूल मी हलवलं होतं."

"कुठल्या दिवशी?"

"तपासनीस आली होती तेव्हा. तुम्ही चहा करत होता. मी पायानं वाटेत सरकवलं. तुम्ही पडावं म्हणून. तिला दिसावं म्हणून."

मास्तर थोडे पुढे झुकले. "म्हणजे स्टूल जागेवर नव्हतंच?"

"नव्हतं."

"म्हणजे माझं पाऊल चुकलं नव्हतं!" त्यांचा सगळा चेहरा उजळला. मांडीवर थाप मारली त्यांनी. "तरीच! मी म्हणतोय, मी बरोबर वळलो होतो. टेबल संपलं, वळलो, मधे जागा हवी होती. बरोबरच होतो गं मी! डोकं ठीक आहे माझं!" ते हसत होते, इतक्या महिन्यांनी मनापासून. मास्तरीणबाई रडत रडत त्यांच्याबरोबर हसल्या. क्षणभर त्यांना वाटलं, आपण सुटलो.

मग मास्तरांचं हसू हळूहळू ओसरलं. खिडकीतून खालच्या रस्त्याचा आवाज येत होता. ते समोर बघत बसले होते, आणि मास्तरीणबाई बाजूला होत्या, म्हणजे त्यांना दिसत नव्हत्या. समोर जाऊन उभं राहायचा मास्तरीणबाईंना धीर झाला नाही.

"तेव्हा खाकरलीही नाहीस," मास्तर म्हणाले. रागानं नाही. नुसतंच म्हणाले.

"नाही."

बऱ्याच वेळानं त्यांनी हात पुढे केला. "दे ती कात्री. राहू दे घरातच. मी ठेवतो." कात्री घेऊन ते उठले.

"स्टूल कुठंय?"

"आपल्या जागी," मास्तरीणबाई म्हणाल्या. त्यांनी स्वतः खाली बघून खात्री केली होती. चारही पाय खडूच्या गोलांत होते.

मास्तर टेबलापर्यंत गेले, वळले आणि थांबले. मग त्यांनी पाऊल पुढे केलं, अंगठ्यानं स्टुलाचा पाय चाचपून पाहिला, ते खरंच तिथं आहे ना हे बघून घेतलं, आणि मगच पुढे गेले.